आमच्या घरचा होकार

खुटबाव, ता. दौंड
२२ सप्टेंबर २०२४

गौतमी,

जयभीम. तुला नोकरी लागली हे तुझ्या रंभाकाकीकडनं कळलं. तिला फोनवर सांगितलंस, मला न्हाई. मी फोनवर बोलत न्हाई हे खरं हाय. फोनवर माणूस हां-हां करतं आन् दुसऱ्या कानानं टीव्ही ऐकतं. कागदावर लिव्हायचं म्हणलं की जरा डोकं चालवावं लागतं. तू बी पत्रच लिव्ह. सातवी शिकलेल्याला जमतं तर एमएसडब्ल्यूवालीला का जमू नये?

तुझा बाप, माझा धाकला भाऊ विनोद, आज असता तर वस्तीभर नाचला असता. मी त्यातला न्हाई. रंभा पेढे वाटू म्हणत हुती, म्हणलं आधी नोकरी टिकू दे.

लाईनची कंपनी म्हंजी तू नक्की करतीस काय? वायर वडतीस का बिलं वाटतीस? रंभा म्हणती गावोगाव फिरून लोकांशी बोलायचं काम हाय. बोलायचा पगार देत्यात व्हय? आमच्या टायमाला पाटसच्या कारखान्यावर बॉयलरपुढं कुणी बोलत उभं दिसलं तर मुकादम शिव्या घालायचा.

नीट रहा. बाहेरचं खाऊ नको.

तुझा आप्पा
(साहेबराव)


सणसवाडी
१ ऑक्टोबर २०२४

आप्पा,

जयभीम. तुमचं पत्र रूमवरच्या मुलींना दाखवलं. एक ओडिशाची आहे, तिला वाटलं कोर्टाचा कागद आलाय.

कामाचं सांगते. आमची कंपनी शिरूरकडून दौंडच्या बाजूला मोठी लाईन नेतेय. उंच टॉवर असतात ना, तसे. ज्या ज्या गावातून लाईन जाणार तिथल्या लोकांचं काही ना काही त्यात अडकलेलं असतं. कुणाची जमीन, कुणाचा रस्ता. त्यांना आमच्यात स्टेकहोल्डर म्हणतात. त्यांच्याशी नातं जोडायचं हे माझं काम. ग्रामसंवाद अधिकारी असं पद आहे. आमच्या प्रांजल मॅडम म्हणतात, लाईन टॉवरवर उभी नसते, नात्यावर उभी असते. फार हुशार बाई आहेत. नोकरी सध्या कच्ची आहे, काम बघून पक्की करतील.

आपल्या खुटबावच्या शिवारातूनही लाईन जाणार आहे, हौसराव पाटलांच्या उसातून. वस्तीला काही त्रास नाही, काळजी करू नका.

इथं करमत नाही. वस्तीतल्या सगळ्यांचं लिहा ना. अनसाआजी कशी आहे? रोहिदासदादाच्या भरतीचं काय झालं? आणि आपल्या विहारात ठराव कसा करतात तेही लिहा. लहानपणी बघितलंय, पण नीट आठवत नाही. मॅडमना थोडं सांगितलं तर त्यांना फार आवडलं. म्हणाल्या, आप्पांना नीट विचारून घे.

तुमची
गौतमी


खुटबाव
१६ ऑक्टोबर २०२४

गौतमी,

परवा धम्मचक्र दिन झाला. विहारापुढच्या पटांगणात मंडप घातला. भाषण करणारा दोन तास बोलला. मी मधीच उठून चटया झटकाया लागलो, तवा थांबला.

तुला करमत न्हाई म्हणतीस म्हणून लिव्हतो, न्हाईतर दुसऱ्याच्या घरचं लिव्हायची मला सवय न्हाई.

अनसाबाई हाय तशीच. मीटर बघाया येणाऱ्या पोराला अजून केरसुणी दाखवती. तुला ठावं हाय का न्हाई, तिचा मालक ठेकेदाराकडं लाईनवर हेल्पर हुता. खांबावरनं पडून गेला. राग तो गेल्याचा न्हाई बघ. हापिसातनं एक माणूस साधा दारात येऊन उभा राहिला न्हाई, ह्याचा हाय. एकानं जरी येऊन हात जोडलं असतं तर मी सोडून दिलं असतं, असं मला एकदा म्हणाली.

रोहिदास पोलीस भरतीत पुन्हा राहिला. आता वय बी निघून गेलं. टेम्पो चालवतो. रस्त्यात खाकीतलं माणूस दिसलं की मान खाली घालतो. अंगावर कसला का असंना युनिफॉर्म चढला असता तर पोरगं ताठ झालं असतं.

पटांगणात अभ्यासिका बांधायचं वस्तीनं मनावर घेतलंय. पोरं विहाराच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास करत्यात, पाऊस आला की पळत्यात. जागा मंडळाच्या नावावर हाय, कुणाच्या बापाला इचारायचं न्हाई.

ठरावाचं इचारलंस. सोपं हाय. रविवारी वंदना झाली की घरटी एक माणूस बसतो. घरचं कुणी बी चालतं, बाई असो नायतर पोर. एकेक घर बोलतं. सगळ्यांचा होकार आला तर काम व्हतं, एका घराचा नकार आला तर न्हाई. आन् बाबासाहेबांच्या फोटोपुढं दिलेला शब्द घरातला दुसरा माणूस फिरवू शकत न्हाई. ज्यानं दिला त्यानंच उठून परत घ्यायचा. रोहिदासच्या बापानं एकदा पोराचा शब्द फिरवाया बघितला, तर मीच त्याला खाली बसवला. तसं नसतं तर रोज एकेकाच्या घरातनं एकेक उठला असता.

तुझ्या मॅडमला काय आवडायचं ते आवडू दे. मला एक सांग, वस्तीतल्या माणसाला तुम्ही ते इंग्रजी नाव कशाला ठेवता? माणूस म्हणा की.

आप्पा


सणसवाडी
५ नोव्हेंबर २०२४

आप्पा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वस्तीत जाऊन आल्यासारखं वाटलं.

या महिन्यात मॅडम खुटबावला येणार आहेत. मला दुसऱ्या गावाला जायचंय, म्हणून मी नसेन. त्यांना चहा द्या. चांगल्या आहेत. तुमच्यासारख्याच आहेत खरं तर, उगाच बडबड करत नाहीत.

काकीला सांगा, स्वेटर मिळाला.

गौतमी


खुटबाव
२४ नोव्हेंबर २०२४

गौतमी,

तुझी मॅडम येऊन गेली. मी म्हणलं आता हार, नारळ, फोटोवाला असा सगळा लवाजमा येणार. कसलं काय. बाई एकटी उतरली. मी खुर्ची पुढं केली तर भुईवरच बसली. बिनसाखरेचा काळा चहा मागितला, मी पितो तसला. म्हणाली, "आप्पा, मी जास्त बोलणार नाही. तुम्हाला बडबड आवडत नाही आणि मलाही कामं आहेत." रंभाला म्हणलं, ही बाई कामाची हाय. रंभा म्हणाली, "तुमच्या तोंडनं कुणाचं बरं निघालं! आज काय खाल्लंय?"

मग मला म्हणाली, वस्तीत एक चक्कर मारते. तर ती नीट अनसाबाईच्या दारात. कुणी वाट दाखवली न्हाई. भिंतीवरच्या फोटोपुढं उभी राहिली आन् हात जोडून म्हणाली, "मावशी, ज्या दिवशी यायला पाहिजे होतं त्या दिवशी आमच्यातलं कुणी आलं नाही. त्याची माफी मागायला आलेय." अनसाबाई रडली. केरसुणीवाली अनसाबाई! बाईचा हात धरून बसली, सोडंना. मला बी गलबललं, खोटं कशाला सांगू.

चार दिसांत रोहिदासला कंपनीत घेतलं. साईटवर राखणदारांचा सुपरवायझर. निळा युनिफॉर्म हाय, खांद्याला पट्टी हाय. टेम्पो ईकायला काढलाय.

हितवर मी खूश हुतो. आता पुढचं ऐक.

बुधवारी दोन माणसं आली आन् विहारापुढच्या पटांगणात, बरोब्बर अभ्यासिकेच्या जागी, लाल झेंड्याच्या खुट्या ठोकून गेली. हौसरावाच्या उसातल्या खुट्या उपटल्यात. टॉवर आता आमच्यात येणार. सडकंला हौसराव गाठ पडला. म्हणाला, "आप्पा, आता आम्ही ऊस तोडाया मोकळे."

"मग आमच्या पोरांनी तारंवर बसून अभ्यास करायचा व्हय, पाटील?"

तर हसला आन् म्हणाला, "तुमची पोरगीच हाय की कंपनीत. आम्हाला काय इचारता?"

त्याचं सोड. कारखान्याच्या राजकारणातला माणूस, टॉवर सरकवाया त्याला किती येळ. पर मला दुसरंच खातंय. अनसाबाईच्या मनातलं, रोहिदासच्या मनातलं ह्या बाईला ठावं कसं? वस्तीतलं कुणीतरी आतनं कंपनीला पुरवतंय. मला रोहिदासचा वास येतोय. नोकरी काय उगाच मिळाली? मी त्याच्याशी बोलायचं बंद केलंय. तू आत हायेस, कोण पुरवतंय त्याचा छडा लाव. आन् त्या खुट्या कुणाच्या हुकमानं ठोकल्या ते बी बघ.

आप्पा


सणसवाडी
२ डिसेंबर २०२४

आप्पा,

खुट्यांचं काम सर्व्हेवाल्यांचं असतं, आमच्याकडं ते नसतं. मी विचारते. अजून काही पक्कं नाही. मंडळाच्या संमतीशिवाय कंपनी काही करणार नाही. ठरावाची बैठक जानेवारीतच होईल, घाई नाही. कोण काय सांगतं याच्या नादाला लागू नका, मॅडम अनुभवी आहेत, त्यांना माणूस बघून कळतं.

मला काळजी तुमच्या डोळ्याची आहे. काकी म्हणाली, ताटातला खडा दिसत नाही तुम्हाला. १५ तारखेला रविवारी शिरूरला कंपनीचं नेत्रशिबिर आहे. मोतीबिंदू तिथंच काढतात, संध्याकाळी घरी सोडतात. मी तुमचं नाव घातलंय. गाडी दारात येईल. काकीलाही सोबत न्या, घरचं माणूस लागतंच तिथं. नाही म्हणू नका. माझ्यासाठी जा.

गौतमी


खुटबाव
८ डिसेंबर २०२४

गौतमी,

बरं. जातो. कंपनीच्या गाडीत बसायचं माझ्या मनात न्हवतं, पर रंभानं दोन दिस तोंड वाकडं केलं. तू माझ्यासाठी म्हणलीस, तिथं मला बोलायला काय ठेवलंस?

बैठक जानेवारीत हाय हे बरं झालं. मला बघून घेऊ दे नीट. वस्तीतली निम्मी घरं मॅडमच्या नावानं नुसती हसत्यात, नकार द्यायचं बळ कुणात न्हाई. अनसाबाई सुद्धा म्हणती, एवढी माफी मागितली बाईनं, आता न्हाई कसं म्हणू? सगळी माझ्याकडं बघत्यात. आप्पा न्हाई म्हणला की सुटलो, असं. मी म्हणणार हाय. एकच घर पुरं हाय आन् ते माझं. तुझ्या नोकरीला त्रास झाला तर मला कळीव, तुझ्या साहेब लोकांशी मी बोलीन. पर जागा द्यायची न्हाई.

आप्पा


खुटबाव
१७ डिसेंबर २०२४

गौतमी,

डाव्या डोळ्यावर पट्टी हाय, उजव्यानं लिव्हतोय. डॉक्टरनं लिव्हू नको म्हणून सांगितलंय. त्यानं जे जे सांगितलं त्यातलं मी एवढंच मोडतोय.

रविवारी सकाळी गाडी आली. चौफुल्यावरनं न्हावऱ्याच्या रस्त्यानं नेलं. पोरांनी हात धरून उतरवलं, बिस्किटं दिली. रंभा म्हणाली, बघा आपली पोर किती करती. मी म्हणलं व्हय. ते व्हय आता घशात अडकलंय.

दिवेलागणीला परत आलो तर विहारात चटया अजून अंथरलेल्या. अनसाबाई दारात उभी. मला म्हणाली, "झाला का डोळा? आता तरी दिसंल, वस्तीचं काय केलंस ते."

मला काय समजंना. म्हणलं, काय झालं, नीट सांग.

"आता मला इचारतोस? सोता गाडीत बसून गेलास आन् पोरीला पाठवलंस. तुझ्या घरचा होकार आल्यावर आम्ही काय तोंड उघडायचं? तुझ्याच नकारावर टेकून बसलो हुतो समदी."

मग कळलं. वंदना झाल्यावर तू आलीस. कंपनीच्या गाडीतनं न्हाई, एसटीनं, पांढरी साडी नेसून. माझ्या जागंवर बसलीस. बैठक अचानक का, म्हणून कुणी इचारलं तर म्हणलीस, समदी हायेत तर उरकून घेऊ. अनसाबाईनं तुला तोंडावर इचारलं, "आप्पानं पाठवलंय का तुला?" तू हो न्हाई म्हणलीस आन् न्हाई बी न्हाई म्हणलीस. तू म्हणलीस, "मी घरचीच आहे ना, आजी?"

अनसाबाई म्हणाली, "हायेस की."

आन् तू होकार दिलास. तुझ्यामागं एकेक घर होकार देत गेलं.

रंभाला सोबत न्यायला का सांगितलंस ते मला आत्ता कळलं. घर रिकामं पायजे हुतं तुला.

आन् आणखी एक कळलं. अनसाबाईचं, रोहिदासचं मी दुसऱ्या कुणाला सांगितलं न्हवतं. तुला सांगितलं, करमत न्हाई म्हणलीस म्हणून. मला बिनसाखरेचा काळा चहा लागतो, मला बडबड खपत न्हाई, हे बी त्या बाईला तूच सांगितलंस. म्हंजी ती माझ्यासारखी न्हवती. तिला माझ्यासारखं करून पाठवली हुती. माझ्या म्हाताऱ्याच्या पत्रातनं तू माणसं उचललीस आन् तिकडं नेऊन ठेवलीस. आन् मी रोहिदासला चोर म्हणत बसलो.

आता लिव्ह. खरं लिव्ह. फोन करू नको, मी तो बंद करून डब्यात ठेवलाय.

साहेबराव


सणसवाडी
२३ डिसेंबर २०२४

आप्पा,

काय लिहू? तुम्ही खरं लिही म्हणालात, लिहिते.

तुमची पत्रं मी मॅडमना दाखवली नाहीत. पण वाचून मला जे वाटलं ते सांगितलं. सुरुवातीला कौतुकानं सांगितलं. आमच्या वस्तीत असं असतं, आमचे आप्पा असे आहेत. त्या ऐकत होत्या. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं कधी. मग त्या विचारायला लागल्या. मग टॉवर सरकला. तोवर इतकं सांगून झालं होतं की मागं फिरायला जागा नव्हती. मला म्हणाल्या, हे तुझं गाव आहे, हे जमलं तर तू पक्की. नाही जमलं तर तू इथं कशाला?

अनसाआजीकडं जायचं मी सांगितलं, पण माफी खोटी होती असं मला वाटत नाही. रोहिदासदादाची नोकरी खोटी नाही. तुमचा डोळा खोटा नाही. आणि लाईन आज ना उद्या कुठून तरी जाणारच. अभ्यासिका गावाच्या कडेला बांधून द्यायचं मी कंपनीकडून कबूल करून घेतलंय. इतर कुणी असतं तर तेवढंही मिळालं नसतं.

आणि आप्पा, एक विचारू? ते घर माझं नव्हतं का? बाबा गेल्यापासून मी तिथंच वाढले. घरटी एक माणूस म्हणता, कुणीही चालतं म्हणता. मग मी बसले तर एवढं काय झालं? तुम्ही मला कधी विचारलंत, तुझा काय विचार आहे म्हणून?

तुम्हाला शिरूरला पाठवलं ते चुकलं. ते मला झोपू देत नाही.

गौतमी


खुटबाव
२८ डिसेंबर २०२४

गौतमी,

पत्र पोचलं. रंभाला वाचून दाखवलं न्हाई. तिनं सोता घेऊन वाचलं.

घर तुझं हुतं का, म्हणून इचारतीस. हुतं. म्हणून तर शब्द चालला. परक्यानं येऊन केलं असतं तर मी काठी घेऊन उठलो असतो. तू इचार माझ्या तोंडावर सांगितला असता, आप्पा मला होकार द्यायचाय, तर आपण भांडलो असतो. दोन दिस जेवलो नसतो. पर ते घरचं भांडण झालं असतं. तू मला डोळं बांधून टेबलावर झोपवलंस आन् माझ्या जागी बसलीस.

अभ्यासिका गावाच्या कडंला म्हंजी कुठं? वड्याच्या पल्याड. तिकडं आमच्या पोरी संध्याकाळच्या जाणार हायेत व्हय? न्हाई जाणार, तुला ठावं हाय ते.

आता कामाचं. रोहिदासनं सांगितलं, सोमवारी ६ तारखेला खणायचं मशीन येणार हाय. मी त्याच्या दारात जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "आप्पा, मला युनिफॉर्म दिला तवाच मला समजायला पायजे हुतं."

शब्द दिलेल्यानंच परत घ्यायचा. तो मी फिरवू शकत न्हाई, मीच घातलेला नेम हाय. म्हणून तू ये. रविवारी ५ तारखेला वंदनेला ये आन् उठून सांग, मी दिलेला होकार मी परत घेते. बास. मी तुला एक शब्द बोलणार न्हाई. रंभा मटण करील. तू पूर्वीसारखी घरी ये.

न्हाई आलीस तर मला एकच रस्ता उरतो. मला उठून सांगावं लागंल, की होकार देणारी आमच्या घरची न्हवती. ती घरची नसली तर शब्द बी घरचा न्हाई. मला ते बोलायला लावू नको, गौतमी. एवढीच इनंती हाय. मी आजवर कुणाला इनंती केली न्हाई.

आप्पा


सणसवाडी
२ जानेवारी २०२५

आप्पा,

तुमचं पत्र आज मिळालं. या रविवारी मला येता येणार नाही. सोमवारी माझी पक्क्या नोकरीची ऑर्डर निघणार आहे. एकदा ऑर्डर हातात पडली की मला काढता येणार नाही त्यांना लगेच. पुढच्या रविवारी, १२ तारखेला, मी नक्की येते. उठून सांगते, तुम्ही म्हणाल तसं. फक्त एक आठवडा थांबा.

आप्पा, रविवारी ते बोलू नका. माझं दुसरं कुणी नाही. तुम्ही बोललात की ते फिरत नाही, मला माहीत आहे.

तुमचीच
गौतमी


खुटबाव
८ जानेवारी २०२५

गौतमी,

तुझं २ तारखेचं पत्र सोमवारी दुपारी पोचलं. रविवार होऊन गेला हुता.

एक आठवडा थांबा म्हणलीस. सोमवारी तुझी ऑर्डर आन् सोमवारीच मशीन. तुझ्या मॅडमनं दोन्ही एकाच दिसावर ठेवलं. आठवड्यानं तू येऊन होकार परत घेतला असतास, तवर खड्डा खणून झाला असता. तुला ते ठावं हुतं का तुला बी फसवलं, मी इचारत न्हाई. इचारलं तर तू काय तरी सांगशील आन् मला ते खरं वाटंल.

रविवारी सगळी घरं आली. मी दारापाशी बसलो. बारक्या रस्त्यावर एसटी थांबली, त्यातनं दोन माणसं उतरली. तू न्हवतीस. मग उठलो.

जास्त बोललो न्हाई. म्हणलं, १५ तारखेला माझ्या जागंवर जी बसली, ती आमच्या घरची न्हाई. तिचा होकार आमचा न्हाई. आमच्या घरचा नकार हाय, तो लिव्हून घ्या.

अनसाबाई म्हणाली, "आप्पा, असं कसं म्हणतोस? पोर चुकली म्हण. पोर आपली, शब्द आपला न्हाई, असं म्हण की."

"तसं न्हाई म्हणता येत."

"का न्हाई? लेकराला तोडायचा नेम कुणी घातलाय?"

"तसं चाललं तर उद्या प्रत्येक जण म्हणंल, माणूस आमचं पर शब्द आमचा न्हाई. मग वस्तीनं कुणाच्या शब्दावर बसायचं?"

ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "हिच्या लग्नात मामाच्या बाजूनं मी उभी राहणार हुते. आता कुणाच्या बाजूनं राहू ते बी सांगून ठेव."

मग तिनंच नकार दिला, आन् मग बाकीच्यांनी. ठराव मोडला.

सोमवारी मशीन आलं. रोहिदास त्या निळ्या युनिफॉर्ममधीच मशीनीपुढं उभा राहिला आन् डायव्हरला म्हणाला, "इथं संमती न्हाई, गाडी मागं घे." त्याला तिथंच काढून टाकला. टेम्पो ईकला न्हवता अजून, तेवढं नशीब. खुट्या पोरांनी उपटल्या. मशीन दोन दिस सडकंला हौसरावाच्या बांधापाशी उभं हुतं, काल गेलं. पुन्हा येत्याल. मॅडम आता दुसऱ्या कुणाशी नातं जोडत्याल. जोडू दे.

लोक मला म्हणत्यात, आप्पानं जागा राखली. एकानं नारळ आणला, त्याला हाकलून दिला.

रंभा रविवारपास्नं माझ्याशी बोलत न्हवती. आज सकाळी तिनं कपडं भरलं. म्हणलं, कुठं चाललीस? म्हणाली, "मी ह्या घरची हाय का न्हाई ते तुमच्या विहारात इचारून घ्या. तवर मी माझ्या पोरीकडं जाते." मी अडवलं न्हाई. ज्या तोंडानं रविवारी बोललो, त्याच तोंडानं हिला थांब कसं म्हणू?

उद्या सकाळच्या गाडीनं ती निघंल. हे पत्र आजच रोहिदासच्या हाती देतोय, तो टेम्पोचं भाडं घेऊन तिकडं चाललाय, टपालानं पोचायला येळ लागतो. चौफुल्याला तिला गाडी बदलावी लागंल, तिथवर रोहिदास सोडंल. सणसवाडीच्या थांब्यावर गर्दी असती. तिला एकटीला रस्ता ओलांडता येत न्हाई, ती सांगणार न्हाई, पर येत न्हाई. तू थांब्यावर उभी रहा आन् तिचा हात धर. कुठल्या नात्यानं सांगतोय ते मला इचारू नको.

साहेबराव